झारकाकांचं मानपत्र

आख्ख्या कतारमध्ये रशियाच्या झारांवर मनापासून रागावलेला एकच माणूस होता, आणि तो आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर राहत होता. राग राज्यकारभारावरून नव्हता. त्या घराण्याने कोणाला छळलं आणि शेवटी त्यांचं काय झालं, ह्याच्याशी काकांना कर्तव्य नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की 'झार' हा किताब मुळात बल्गेरियाचा. रशियाने तो सहाशे वर्षांनी लावून घेतला, आणि तरी जगभर नाव झालं ते रशियाचं. हा अन्याय त्यांना दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या दोन खोल्यांत एकट्याने बसून सहन होत नसे. मग ते खाली येत आणि जो भेटेल त्याला सांगत. बकाल्यात दूध घ्यायला गेले तर दुकानदाराला, लिफ्ट बंद असली तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला. डोक्यावर केस बेताचेच होते, तरी दर पंधरा दिवसांनी कापायला जात, कारण न्हावी वीस मिनिटं जागचा हलू शकत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आम्ही सगळे त्यांना झारकाका म्हणायचो. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही. बारा वर्षांपूर्वी आम्ही त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा ते झारकाका होऊन चुकले होते.

काका मूळचे नाशिकचे. तेल कंपन्यांमधली प्रेशर गेजं खरं सांगतात की खोटं, हे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे कुठलीही गोष्ट जरा इकडेतिकडे झालेली त्यांना खपत नसे. आमच्याकडे आले की आधी भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत, मग एसीच्या आकड्याकडे संशयाने पाहत, आणि मग "बसू का?" असं विचारत. विचारेपर्यंत ते बसलेले असत. दोन वर्षांसाठी म्हणून ते कतारला आले होते. मुलाची शाळा बुडायला नको म्हणून काकू नाशिकलाच राहिल्या. मग मुलाची दहावी आली, मग बारावी, मग इंजिनिअरिंग. मुलगा टोरोंटोला निघून गेला तेव्हा आता काकूंनी इकडे यायला हरकत नाही असं ठरत होतं, तर काकूच गेल्या. हे सगळं त्यांनी मला एकदाच, लिफ्टमध्ये, तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात सांगितलं. झारांना मात्र दोन तास पुरत नसत.

गोष्ट सुरू व्हायची रोमपासून. सीझर हे काही पद नव्हतं, ते एका घराण्याचं आडनाव. तो सीझर मारला गेला, त्याच्या दत्तक मुलाने आडनाव चालवलं, आणि पुढे ज्यांचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता तेही गादीवर बसले की स्वतःला सीझर म्हणवून घ्यायला लागले. "आता आपल्याकडे बघ," काका खुर्ची पुढे ओढत म्हणायचे. "कुलकर्णी काय, देशमुख काय, चिटणीस काय, सगळे हुद्दे. हुद्दा गेला आणि आडनाव राहिलं. त्यांच्याकडे नेमकं उलटं. माणूस गेला आणि आडनावाचा हुद्दा झाला! ज्यांनी उभ्या जन्मात रोम बघितलं नाही ती माणसं आपल्या राजाला त्या मेलेल्या माणसाच्या आडनावाने ओळखायला लागली. सीझरचा झार झाला. आहे की नाही गंमत?" गंमत होतीच, पण ती मी शंभराव्यांदा ऐकत असे. काकांचं आडनावही असंच हुद्द्यातून आलेलं होतं, आणि त्या आडनावाची आमच्या मराठी मंडळात अकरा कुटुंबं होती. हा अकराचा आकडा मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी त्यात चांगलाच अडकलो.

एकदा आमच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही त्यांना हॉटेलात घेऊन गेलो होतो. वेटरने आणलेल्या मेनूत सीझर सॅलड होतं. मी घाईघाईने मेनू मिटला, पण उशीर झाला होता. काकांनी वेटरला जवळ बोलावलं आणि अतिशय प्रेमाने हिंदीत समजावलं, की हे सॅलड त्या सीझरचं नसून त्या नावाच्या एका खानसाम्याचं आहे, पण खानसाम्याला ते नाव मिळालं ते अखेर त्याच सीझरमुळे, आणि तुमचे जे झार... एव्हाना शेजारच्या टेबलावरचं सूप थंड झालं होतं. वेटर बिचारा फिलिपिनो, त्याला हिंदी येतच नव्हतं. तो हसून मान डोलावत राहिला आणि शेवटी चार सीझर सॅलड घेऊन आला. काकांनी चारही संपवली. "ऐकून घेतलं त्याने," घरी येताना ते मला म्हणाले. "पोरगं चांगलं आहे."

हे वेड त्यांना लागलं दुखानला. पश्चिम किनाऱ्यावरच्या तिथल्या कंपनीच्या वसाहतीत त्यांच्या शेजारच्या खोलीत एक बल्गेरियन टर्बाइन मेकॅनिक राहत होता. दोघांचं इंग्रजी मोडकं, तेही वेगवेगळ्या जागी. पहिलं भांडण दह्यावरून झालं. बल्गेरियन माणसाखेरीज जगात कोणाला दही लावता येत नाही असं त्याचं म्हणणं, आणि नाशिकचा माणूस हे ऐकून गप्प बसणं शक्यच नव्हतं. महिनाभर दोघं रोज संध्याकाळी एकमेकांचं दही चाखून तोंड वाकडं करत होते. शेवटी काका हरले, आणि मी हरलो असं त्यांनी आयुष्यात तेवढं एकदाच कबूल केलं. त्या दह्याचं विरजण त्यांनी पुढे वीसेक वर्षं जगवलं. सुट्टीवर जाताना ते आमच्याकडे ठेवायला देत आणि नाशिकहून रोज फोन करून विचारत, "लावलं का?" मुलाला त्यांनी इतके फोन केले नसतील. दही लागेपर्यंतच्या वेळात त्या मेकॅनिकने त्यांना झारांची सगळी हकीकत सांगितली, रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं. मग तो निवृत्त होऊन आपल्या गावी गेला. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं. एका वर्षी त्याच्याऐवजी त्याच्या मुलीचं आलं.

तेव्हापासून काकांना ती गोष्ट कोणाला तरी संपूर्ण सांगायची होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी न उठता. एवढीच त्यांची इच्छा होती, आणि मला कबूल करायला लाज वाटते की तेवढीही आम्ही पुरी होऊ देत नव्हतो. सीझरचा खून पडला की आमच्याकडे कुकरची शिट्टी व्हायची. एखाद्या शुक्रवारी काका नेट लावून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोहोचायचे, तर कोणाचा तरी फोन यायचा. आमची मुलगी मराठी सगळं समजते पण बोलते इंग्रजी. ती शाळेतून आली आणि हॉलमध्ये काका दिसले की आत येऊन हळूच विचारायची, "बाबा, इज ही स्टिल इन रोम?" आम्ही दोघं नवरा-बायको तोंडावर हात धरून हसायचो. बाहेर काका खुर्चीत बसून, पुढे कुठून सुरू करायचं ते ठरवत असायचे.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचं वीस मिनिटांचं व्याख्यान दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी गळायचं. एका वर्षी बक्षीसवाटप लांबलं, एका वर्षी माइक बंद पडला. एकदा त्यांना सात मिनिटं मिळाली, पण तेवढ्यात मसालेभाताचा वास हॉलमध्ये शिरला आणि मागच्या रांगा उठल्या. काका रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांना रोमन सिनेट समजावत राहिले. दोह्यातल्या मराठी मंडळींना सीझर कसा मेला हे पाठ आहे, पुढचं कोणाला काही माहीत नाही, ते ह्याच कारणाने.

गेल्या वर्षी मी मंडळाचा सांस्कृतिक सचिव झालो. निवड झाली त्याच दुपारी काका खाली आले. घड्याळ तपासलं नाही, एसीकडे बघितलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "कंपनीने कळवलंय. नोव्हेंबरात खलास. कायमचा चाललो मी. तेव्हा ह्या वेळी माझी वीस मिनिटं दे. आणि हे बघ, इन्शाल्ला म्हणू नकोस. हो म्हण किंवा नाही म्हण."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

कार्यकारिणीत ठरलं, की काका कायमचे जातायत तर व्याख्यानानंतर त्यांचा सत्कारही करावा. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राचा मजकूर मी लिहिला, चांगला लिहिला असं मला अजूनही वाटतं. तो घेऊन मेट्रो स्टेशनाजवळच्या छापखान्यात गेलो. छापखानेवाला मल्याळी. त्याने कागदावर नजर फिरवली आणि विचारलं, "साब, पूरा नाम?" मी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. मला काकांचं नाव माहीत नव्हतं! आडनाव माहीत होतं, पण त्या आडनावाची अकरा घरं. दारावर नुसता फ्लॅटचा नंबर. माझ्या फोनमध्ये ते झारकाका होते. खजिनदाराला फोन केला, त्याच्याकडे झारकाका. मंडळाच्या यादीत सभासदाच्या रकान्यात झारकाका, पुढे बिल्डिंगचं नाव. त्या अकरांपैकी एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्यापैकी आहेत ते? मला वाटलं तुमच्यापैकी!" अध्यक्ष म्हणाले, "अरे, सरळ वर जाऊन विचार ना त्यांनाच." बोलायला सोपं आहे. बारा वर्षं ज्या माणसाच्या हातचं दही खाल्लं, ज्याने तापात माझ्या मुलीच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, त्याच्या दारात उभं राहून कुठल्या तोंडाने विचारायचं, की काका, तुमचं नाव काय?

मी छापखान्यात परत गेलो आणि म्हणालो, "यही पूरा नाम है." त्याने सोनेरी अक्षरांत छापून दिलं. आदरणीय झारकाका यांस.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये होता आणि हॉल सहाला रिकामा करायचा होता. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. लहान मुलांच्या नाचाचे नऊ ग्रुप, आणि प्रत्येक ग्रुपचे आईबाप मोबाइल सरसावून पुढे. सव्वापाच वाजले तेव्हा मी घामाघूम झालो होतो. मी एका चिठ्ठीवर 'काका, पाच मिनिटांत आवरता येईल का?' असं लिहिलं आणि पुढच्या रांगेत पाठवलं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या फार थोड्या गोष्टी मला परत घ्याव्याशा वाटतात, त्यात ही चिठ्ठी पहिली. काकांनी ती वाचली. मांडीवर वीस मिनिटांच्या भाषणाचे कागद होते, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्या पानाला किती सेकंद लागतात ते लिहिलेलं. चिठ्ठी त्यांनी त्या कागदांमध्ये ठेवली, कागद पिशवीत घातले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नको, मुलांना नाचू दे.

सत्कार मात्र झाला. मी मानपत्र वाचलं, टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी शाल घातली. काकांनी मानपत्र हातात घेतलं आणि चष्मा वर करून पहिली ओळ बघितली. त्यांचं बोट त्या सोनेरी अक्षरांवरून एकदा पुढे गेलं, मग मागे आलं. चुकीचं गेज हातात आलं की असंच करायचे ते. मग त्यांनी माइक मागितला. "माझं व्याख्यान आज होऊ शकलं नाही," ते म्हणाले, "पण हे वाचल्यावर त्याची तशी गरजही राहिली नाही. नाव मागे राहतं आणि हाक पुढे जाते, एवढंच मला वीस मिनिटांत सांगायचं होतं. सीझरचंही हेच झालं. शुक्रन." लोक खूप हसले. मी हसू शकलो नाही.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी विमान दुपारचं होतं. सकाळी सातला ते दारात आले. एका हातात स्टीलचा डबा. "विरजण. विमानात नेऊ देणार नाहीत. रोज लाव," असं म्हणून तो त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिला आणि पटकन वळून मला म्हणाले, "यल्ला, चल. आधी दुखानला जाऊन येऊ. वेळ आहे." मी सुट्टीच काढली होती. तासाभराचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उघडं माळरान. मला वाटलं, आता गोष्ट सुरू होईल. मी मनाशी ठरवलंही होतं, की आज काही झालं तरी मध्ये बोलायचं नाही, फोनसुद्धा बंद करून टाकला होता. पण जाताना काका एक शब्द बोलले नाहीत. वसाहतीच्या फाटकाशी सिक्युरिटीने अडवलं, पास लागतो म्हणाला. काकांनी हुज्जत घातली नाही. गाडीतून उतरून कुंपणाशी उभे राहिले. "ती तिसरी ओळ. आता पाडून नवीन बांधलंय," एवढंच म्हणाले आणि परत येऊन बसले. आणि गाडी दोह्याकडे वळवल्यावर, मी न विचारता, त्यांनी सुरुवात केली.

रोम त्यांनी पाच मिनिटांत आटपलं. मग कॉन्स्टँटिनोपल, ज्याला स्लाव्ह लोक झाराचं शहर म्हणत. मग दहाव्या शतकातला बल्गेरियाचा राजा, त्या शहरातल्या सम्राटाच्या नाकावर टिच्चून स्वतःला झार म्हणवणारा. त्याच्या आधीचे राजे खान म्हणवायचे, मग क्न्याझ, म्हणजे आपल्याकडचे संस्थानिक म्हण. मग सर्बिया, मग खूप नंतर रशिया, तिथे काका नेहमीसारखे चिडले. आणि मग मी कधीच न ऐकलेला भाग आला. "बल्गेरियाचा शेवटचा झार सहा वर्षांचा होता," ते म्हणाले. "बाप अचानक गेला. तीन वर्षांत लोकांनी सांगितलं, आम्हाला झार नको. आई पोराला घेऊन देश सोडून गेली. पन्नास वर्षं बाहेर. म्हातारा होऊन परत आला आणि लोकांनी काय करावं? पंतप्रधान केलं त्याला! ही बातमी आली तेव्हा मी आणि आमचा मेकॅनिक दुखानच्याच मेसमध्ये जेवत होतो. पण पंतप्रधानाला कागदावर आडनाव लागतं. झाराला कुठलं आडनाव? मग घराण्याचं जुनं जर्मन आडनाव शोधून काढलं, भलंमोठं. आडनावाचा झार झाला होता, झाराचं परत आडनाव झालं. संपली गोष्ट."

बाहेर शहराच्या इमारती दिसायला लागल्या होत्या. काका खिडकीतून बघत होते. "आमचा मेकॅनिक म्हणायचा, पन्नास वर्षांनी परत गेल्यावर त्याला लहानपणच्या नावाने हाक मारणारं कोण उरलं असेल? मी म्हणायचो, आपल्याला काय करायचंय? आता बघ. माझी आई गेली. ही 'अहो' म्हणायची. मुलगा डॅड म्हणतो, कंपनीत सर, तुम्ही सगळे काका. मला नुसत्या नावाने हाक मारणारा तो एकटा होता. धड उच्चारता यायचं नाही त्याला, पण मारायचा."

मी गाडी बाजूला घेतली. "काका, माफ करा. मला तुमचं नाव माहीत नाही."

"मानपत्रावरून कळलं ते," ते हसून म्हणाले, आणि त्यांनी नाव सांगितलं. साधं, आपल्याकडे दर दुसऱ्या घरात सापडेल असं. मी त्याला राव लावून उच्चारून बघितलं, तर म्हणाले, "राव लावलास की परत राजाच झाला. तो नुसतं म्हणायचा."

विमानतळावर सामान उतरवलं, ते नमस्कार करू देईनात, पाठीवर थाप मारून आत गेले. गाडीत बसताना पाहिलं, मागच्या सीटवर मानपत्र राहिलं होतं. विसरलं की ठेवलं, कोण जाणे. मी ते घेऊन धावलो. दाराशी ही गर्दी. दूरवर त्यांनी प्रवासासाठी घातलेली टोपी दिसत होती. "काका!" मी ओरडलो. तिघा-चौघांनी वळून बघितलं, त्यांनी नाही. पुन्हा ओरडलो, पुन्हा नाही. मग माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या त्या माणसाला मी त्याच्या नुसत्या नावाने हाक मारली.

ते जागच्या जागी थांबले आणि वळले. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, एकदम तरुण, डोळे गर्दीत कोणाला तरी शोधत होते. मी दिसलो, आणि तो चेहरा हळूहळू पुन्हा काकांचा झाला. ज्याला ते शोधत होते तो मी नव्हतो. त्यांनी मानपत्र घेतलं, खांद्यावरच्या सत्काराच्या शालीत गुंडाळलं आणि माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

"तुझा उच्चार त्याच्यापेक्षा बरा आहे," ते म्हणाले, आणि रांगेत जाऊन उभे राहिले.